फुटपाथकडेच्या पट्टीत मडकं पुरून बघा

फुटपाथ आणि डांबराच्या मधल्या पट्टीत सोलापूरच्या उन्हात कुठलंच रोप जगत नाही, असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. ऊन आहेच, पण खरी अडचण खालची. आमच्या दारासमोर खणलं तेव्हा चार बोटं मातीखाली नुसता मुरूम, खडी आणि फरशीचे तुकडे. वरून घातलेलं पाणी सरळ गटारात. दीड फूट खणून राडारोडा काढला, काळी माती आणि शेणखत भरलं. नुसती काळी माती नको, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात.

आणि या चर्चेत पाण्याचं कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, रोज बादली ओतणार कुठून? मी कुंभाराकडून साधी, न रंगवलेली मडकी आणून गळ्यापर्यंत पुरली, तोंडावर पणती झाकली. पाणी झिरपून थेट मुळांशी जातं. एकदा भरलं की मे महिन्यातही तीन दिवस ओल टिकते. पणती उचलली की आत गारवा हाताला लागतो. शेळ्या रोपं खातात ही अडचण असेल तर सदाफुली लावा, तिला त्या तोंड लावत नाहीत. कण्हेरही टिकते, पण विषारी, म्हणून शाळेच्या वाटेवर मी ती लावणार नाही.