चार प्रतीचा धूमकेतू अख्ख्या गावाला दाखवायचा का? (दिवाळी २०२५)

आर्वीचे मास्तर
‘लक्ष्मीपूजनाला लेमन धूमकेतू चार प्रतीचा, नुसत्या डोळ्यांनी दिसणार, अख्ख्या गावाला दाखवा’ असा निरोप कालपासून फिरून राहिला आहे. लिहिणाऱ्यानं आधी स्वतः शेतात उभं राहून पाहावं. प्रत म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. चार प्रतीचा तारा एक ठिपका असतो. धूमकेतूचा तेवढाच उजेड पसरलेला असतो, त्यामुळे फिकट दिसतो. त्यात हा संध्याकाळी पश्चिमेला, स्वातीच्या आसपास, क्षितिजावरच्या धुराळ्यात, वर फटाक्यांचा धूर. लोक माना वर करतील आणि ‘मास्तर, कुठी काय आहे?’ म्हणत घरी जातील. मग पुढच्या वेळी ग्रहण दाखवायला बोलावलं तरी कोणी येणार नाही. कोहूटेक मार्च १९७३ मध्ये सापडला, इतक्या लांबवर तेजस्वी दिसला म्हणून शतकाचा धूमकेतू म्हणून गाजवला आणि डिसेंबरात अपेक्षेच्या पासंगालाही पुरला नाही. २०१३ चा आयसॉन तर २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालतानाच फुटून संपला. गावात आकडे वाटू नका.

धामणगावकर
निरोप माझाच आहे, मास्तर. कोहूटेक आणि हा एका मापात काहून मोजता? कोहूटेक सूर्याकडे पहिल्यांदाच आलेला नवखा होता. अशांचा कार्बन मोनॉक्साइडसारखा बर्फ लांबवरच उडायला लागतो, म्हणून ते आधी झळकतात आणि जवळ येताना मंदावतात. लेमनची फेरी हजाराहून जास्त वर्षांची, म्हणजे हा आधी येऊन गेलेला गडी. यंदा ३ जानेवारीला सापडला तेव्हा एकवीस प्रतीच्याही पलीकडे होता आणि अंदाज होता दहाच्या आसपासचा. ऑगस्टपासून त्यानं तो मोडला, तोही वरच्या बाजूनं, म्हणजे अंदाजापेक्षा जास्त उजळून. तुमच्यासारखं हात आखडून बसलो असतो तर आज कोणी पश्चिमेकडे पाहिलंही नसतं.

आर्वीचे मास्तर
वरून मोडला काय, खालून मोडला काय, मोडलाच ना? सूर्यापासूनचं अंतर निम्मं झालं की उजेड अंतराच्या चौथ्या घातानं वाढला तर सोळापट होतो, सहाव्या घातानं वाढला तर चौसष्टपट. नुसता घात चुकला तर दीड प्रत हुकते. तो घात महिनोन् महिने पाहिल्याशिवाय कळत नाही.

मोर्शीवाली ताई
दीड प्रतीवर भांडता! आमच्या चौकात हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, लागला आणि तीन-चार प्रती एका रात्रीत गेल्या. आधी अंगणातून आकाशगंगा दिसायची, आता सप्तर्षीतले तारे शोधावे लागतात. संत्र्याच्या बागेतही त्याचा पांढरा उजेड येतो. ग्रामसभेत बोलले तर ‘बाई विकासाच्या आड येऊन राहिल्या’ म्हणे. धूमकेतू दाखवायचा तर आधी तो दिवा बंद करा.

दारव्ह्याचे काका
हे अंधाराचे लाड ज्यायले रात्री गादीवर झोपायचं असते त्यायचे. आमची शेतीच्या विजेची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याले पाणी द्यायले रात्री दोनले मोटर सुरू कराले जावं लागते. मागच्या हिवाळ्यात मोटरच्या पेटीपाशी हात नेला अन् खालून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. घोणस. वेटोळं घालून पेटीले टेकलेली. हातात बॅटरी होती म्हणून वाचलो. शेजारचा पोरगा नाही वाचला. मले आकाशगंगा नको ताई, उजेड पाहिजे.

मोर्शीवाली ताई
काका, पोराचं ऐकून वाईट वाटलं. पण तुमच्या पेटीपाशी उजेड पडत नाही आणि आमच्या चौकातला आभाळात चालला आहे, यात तुमचा काय फायदा झाला? पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचं उद्यान जाहीर झालं तेव्हा सिल्लारी, वाघोली भागातले शंभरावर दिवे बदलले. काढले नाहीत, तोंडं जमिनीकडे केली.

दारव्ह्याचे काका
पेंचले वाघ आहे म्हणून पैसा आला. आमच्याकडे बंद पडलेला दिवा बदलाले वर्ष लागते, उजेड खाली पाडणारं टोपण कोण लावते? अन् मास्तर मुकाट्यानं वाचून राहिले, त्यायच्या गावात तर दिवसाची लाईन असन.

आर्वीचे मास्तर
माझंही ओलित आहे, काका. मीही रात्रीच जातो. मला बोलायचं तर तोंडावर बोला.

धामणगावकर
दोघंही थांबा. काका, दिवसा लाईन मिळावी ही मागणी आमचीही आहे, तिच्या आड हायमास्टला लपवू नका. आणि मास्तर, गावाला दाखवायचं कारण ऐका. २ एप्रिल २०२२ ला सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला रॉकेटचं कडं पडलं तेव्हा गावात घबराट झाली, काय पडलं ते सांगणारं जवळ कोणी नव्हतं. वर काय चाललं आहे याची लोकांना सवय लागली पाहिजे. मागच्या आठवड्यात पहाटे धुऱ्यावरून दहा बाय पन्नासच्या बायनॉक्युलरनं पाहिला. आधी त्याचा उजेड डोळ्यात बसवला, मग फोकस बिघडवून शेजारचे तारे तेवढेच फुगवले आणि जुळवून पाहिले. साडेपाच भरली. अजून चढतोच आहे. माझा आकडा कोणाचा ऐकीव नाही.

आर्वीचे मास्तर
हे चांगलं केलं, ते मानावंच लागेल. मग निरोपात तेच लिहा. ‘साडेपाच पाहिली, चढते आहे, बायनॉक्युलर आणा.’ आणि लक्ष्मीपूजन सोडा, त्या संध्याकाळी लोक घरातल्या पणत्या टाकून शेतात येणार नाहीत.

मोर्शीवाली ताई
भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. चंद्र कोरीएवढाच राहील.

दारव्ह्याचे काका
घोणस जमिनीवर असते, आभाळात नाही, एवढं ताईचं कबूल. दिव्याचं तोंड खाली करायचं असन तर ग्रामसभेत मी बोलतो. पण त्याच ठरावात दिवसाची लाईन लिहा, नाही तर माही सही नाही.

धामणगावकर
ठराव दोन्हींचा लिहू. बायनॉक्युलरचंही टाकतो, मास्तर. पण चारचा आकडा निरोपातून काढणार नाही.

आर्वीचे मास्तर
मग त्याखाली माझं नाव टाकू नका.