व्हेट कार्डांच्या नोंदी कशा ठेवता? (एंड्युरन्स राइड) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी घोडी चार वर्षं एंड्युरन्स राइड, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती, करते आहे. मागच्या ८० किलोमीटरच्या राइडला तिसऱ्या व्हेट गेटवर (वाटेतला पशुवैद्यकीय तपासणीचा थांबा) ती बाद झाली. चाल स्वच्छ होती, लंगडत नव्हती. पण पल्स ६० असताना दुडकी पळवून मिनिटाला पुन्हा मोजली तर ७२ भरली, आणि उजवीकडे आतड्यांचा आवाज जवळपास नव्हताच. सलाइन लावावं लागलं. रात्रीपर्यंत सावरली, आता ठणठणीत आहे. निर्णयाबद्दल तक्रार मुळीच नाही, त्या डॉक्टरांचे उपकारच आहेत.

सलाइन चालू असताना त्यांनी विचारलं, "एरवी हिची पल्स किती वेळात उतरते?" मी म्हटलं, "पटकन." "पटकन म्हणजे किती मिनिटांत?" मला सांगता आलं नाही.

घरी येऊन जुनी व्हेट कार्डं काढली, म्हणजे प्रत्येक गेटच्या तपासणीच्या नोंदी असतात ती. अकरा निघाली. दोन गार करण्याच्या पाण्यानं भिजून एकमेकांना चिकटलेली, बाकीच्यांवरची पेन्सिल पुसट झालेली. पल्सचा रकाना बघत गेले: ६०, ५६, ६०, ६०. सगळं छान! मग डोक्यात प्रकाश पडला. पल्स उतरल्याशिवाय आपण घोडं डॉक्टरांपुढे नेतच नाही, तर तो आकडा छानच दिसणार. लूपवरून (दोन गेटांमधल्या टप्प्यावरून) आल्यापासून पल्स उतरेपर्यंत किती मिनिटं गेली, ते बघायला हवं होतं. येण्याची आणि तपासणीची अशा दोन्ही वेळा फक्त चार कार्डांवर होत्या. दुसऱ्या गेटची मिनिटं, राइडच्या क्रमानं: ३, ४, ७, ११.

हे माझ्याच कपाटात पडून होतं. फार लागलंय मनाला.

म्हणून विचारते. तुम्ही नोंदी कशा ठेवता? काही वेळा कार्ड शेवटी आयोजकांकडे जमा होतं, तेव्हा काय करता? आणि कार्डावर आतड्यांच्या आवाजासारख्या गोष्टींना 'ए' (उत्तम), 'बी', 'सी' अशा श्रेणी असतात; एका डॉक्टरांचा 'ए' दुसऱ्यांच्या 'बी'एवढाच असतो, मग त्या श्रेणींची तुलना करायची कशी?

रानवाट:
ताई, घोडी बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी राइडला डॉक्टरांशेजारी लेखनिक म्हणून बसते, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं सांगते.

कार्ड हातातून जाण्याआधी प्रत्येक गेटला फोटो काढा. शेवटच्या गेटनंतर काढू म्हटलं की राहतंच. येण्याची वेळ मदतनीसानं मार्करनं सरळ मनगटावर लिहायची, कारण त्या क्षणी सगळ्यांचे हात बादल्या-स्पंजात असतात.

दुडकीआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे लिहा, ६०/७२ असे. दुसरा पहिल्याइतका किंवा कमी आला तर घोडं सावरतंय. चढला तर शरीर कुठेतरी ओढतंय, मग ते थकवा असो, पाणी कमी पडणं असो की दुखणं. कार्डावर नुसतं '६०' उतरवलं तर हे सगळं हरवतं.

श्रेणींसाठी राइडआधीची तपासणी हाच पाया धरा. सुरुवातीला आतड्यांना 'बी' आणि तिसऱ्या गेटलाही 'बी', तर फार काळजी नाही. 'ए'चा 'सी' झाला तर थांबून विचार करायचा. डॉक्टर गेटगणिक बदलले असतील तर तेही टिपून ठेवा. आतड्यांचे चारही भाग वेगवेगळे लिहा, सरासरी काढू नका. तुमच्या घोडीचं उजवं गप्प होतं, सरासरीत ते दिसलंच नसतं.

माळरान:
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. माझं एवढंच म्हणणं की एका राइडला एक ओळ असं करू नका, एका गेटला एक ओळ ठेवा. आणि पहिल्या गेटची तुलना पहिल्याशीच, तिसऱ्याची तिसऱ्याशी.

३ वरून ११ वर जाण्याला उकाडाही कारण असू शकतो. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग गार व्हायला वेळ लागतो. त्या लूपचा वेग, तापमान आणि दमटपणा शेजारी नसेल तर नुसत्या मिनिटांवरून चुकीचा निष्कर्ष निघेल. घरची विश्रांतीतली पल्सही आठवड्यातून एकदा मोजा, सकाळी, दाणा घालण्याआधी. साधारण २८ ते ४४ मध्ये असते, पण तुमच्या घोडीची नेमकी किती ते माहीत असायला हवं.

वही की स्प्रेडशीट, यानं फरक पडत नाही. मी वहीत लिहितो. त्याच संध्याकाळी लिहिलं गेलं म्हणजे झालं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बसून सगळं गेटवार मांडलं. हवामान जुन्या मेसेजमधून शोधलं. ७ मिनिटं लागली ती राइड दमट होती, पण ११ ची नव्हती, उलट गार वारा होता.

आणखी एक दिसलं. त्या चारही राइडना पहिल्या गेटला ती दोन-तीन मिनिटांतच उतरली आहे. वाढ आहे ती दुसऱ्या गेटपासून पुढे. म्हणजे पहिल्या थांब्यावर ती किती पाणी पिते, किती खाते, हे मी कुठेच लिहिलेलं नाही. तो रकाना आज घातला.

हा कागद घेऊन सोमवारी आमच्या डॉक्टरांकडे जाते आहे. ते बघेपर्यंत तिला फक्त चालीवर फिरवणार. ते काय म्हणतात ते इथेच लिहीन.