युरोपीय संघाचा प्रादेशिक निधी: चूक एकाची, जाब दुसऱ्याला?

नमस्कार मंडळी,

प्रबंधाचं एक प्रकरण महिनाभर अडून बसलंय. विषय आहे युरोपीय संघाच्या कोहेजन धोरणाचा निधी, म्हणजे मुख्यतः मागे पडलेल्या प्रदेशांसाठीचा पैसा. निधी संघाचा, पण प्रकल्प निवडणं, निविदा, बिलं हे सगळं सदस्य देशाच्या व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. काही देशांत हे प्राधिकरण म्हणजे थेट प्रांतिक सरकार. याला तिकडे 'शेअर्ड मॅनेजमेंट' म्हणतात.

संघाच्या कामकाजाच्या करारातल्या कलम 317 नुसार अर्थसंकल्प राबवण्याची जबाबदारी युरोपीय आयोगाची, सदस्य देशांच्या सहकार्याने. युरोपीय संसद दरवर्षी 'डिस्चार्ज' म्हणजे हिशेबाला मान्यता देते, तीही आयोगालाच. आता आकडे बघा. संघाच्या लेखापरीक्षकांनी या खर्चातलं चुकांचं प्रमाण 2022 साठी 6.4 टक्के काढलं आणि 2023 साठी 9.3. सहन करण्याजोगी मर्यादा 2 टक्के! (चूक म्हणजे नियमात न बसणारा खर्च, अफरातफर नव्हे, हे मला ठाऊक आहे. तो धागा वेगळा.) जाब मात्र आयोगाला. मला हे चोर सोडून संन्याशाला फाशी वाटतं. माझ्या गाईड मॅडम म्हणतात, पैसे रोखायचा अधिकार आयोगाच्या हातात असताना कसला संन्यासी!

समजा, एका प्रांतात पाणीपुरवठ्याचं काम निघालं. मोठ्या कंत्राटाला लागणारी निविदेची जाहिरात टाळायला कंत्राटाचे तीन तुकडे पाडले. प्राधिकरणाच्या तपासणीतून फाइल सुटली. मग देशाचं ऑडिट प्राधिकरण. तिथे नमुना तपासणी, त्यात ही फाइल आली तर आली. देशाने स्वतःहून चूक पकडली, तर तेवढा खर्च दाव्यातून काढायचा आणि त्या जागी दुसरा पात्र खर्च दाखवायचा. निधी शाबूत. चूक पुढे संघाच्या ऑडिटमध्ये निघाली, तर देशाचा निधी कायमचा कापला जाऊ शकतो. पण ती झळ प्रांताने सोसायची की केंद्राने, हे त्या देशाच्या आतलं भांडण. ज्या साहेबांनी तुकडे पाडले, ते यात मला कुठेच सापडत नाहीत.

प्रांताच्या विधिमंडळाने किंवा देशाच्या संसदेने अशा कपातीबद्दल प्राधिकरणाला खरोखर धारेवर धरलंय, असं उदाहरण कुणाच्या वाचनात आहे का? देखरेख समितीत स्थानिक संस्था, कामगार संघटना बसतात. तिथे कुणी जाब मागतं की नुसत्या सह्या होतात? आयोगाचे स्वतःचे अहवाल सुचवू नका, ते वाचून डोळे गेलेत. प्रांताच्या बाजूने लिहिलेलं काही असेल तर हवंय, जर्मन किंवा इटालियनमधलं असलं तरी चालेल.