धोरण मंजूर व्हायला लागणारा वेळ मोजायचा कसा? (सहकारी बँक, कोल्हापूर)

लक्ष्मीपुरी_डेस्क

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात आहे. धोरणांचे मसुदे लिहायचे, टिपणी लावून संचालक मंडळापुढे ठेवायचे आणि ठराव झाला की परिपत्रक काढायचं, हे काम माझ्याकडे. कर्ज, गुंतवणूक, केवायसी, वसुली, तक्रार निवारण, सायबर सुरक्षा असं सगळं त्यात येतं.

आता वरून सांगणं आलंय की ही प्रक्रिया किती कार्यक्षम आहे ते आकड्यांत दाखवा. ऑफिसात एक सूचना अशी आली की वर्षात किती धोरणं मंजूर झाली तेवढं लिहा. मला हे अजिबात पटत नाही. जुन्याच मसुद्यावर नवं वर्ष घातलं तर एका सभेत दहा धोरणं मंजूर होतात. त्यातून खातेदाराला काय मिळालं?

सोनेतारणाचं सांगते. सोनं-चांदी तारण कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश 6 जून 2025 ला आले, अंमलबजावणीला 1 एप्रिल 2026 पर्यंत मुदत. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत 80, त्यावर 75. मसुदा आठवड्याच्या आत तयार होता. नंतर तो कर्ज विभाग, विधी सल्लागार, व्यवस्थापन मंडळ असा फिरत राहिला. मध्येच हुपरी भागातल्या शाखेनं विचारलं की चांदीच्या दागिन्यांना कर्जदारामागे 10 किलोची मर्यादा आहे हे समजलं, पण पैंजणातला डाग (जोडासाठी वापरलेला धातू), मीना, खडे वजा करून निव्वळ वजन कोण ठरवणार? प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून मसुदा परत माझ्या टेबलावर.

या परत येण्याला मी उशीर म्हणू का? आणि म्हणायचं नसेल तर मोजायचं काय?

शिरोली_शिफ्ट

ताई, मी फौंड्रीत प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. आमच्याकडे कास्टिंग (धातू ओतून केलेला भाग) मशीनवर असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ दोन मशीनच्या मध्ये रॅकवर पडून असतं. तुमच्या मसुद्याचंही तसंच असणार. म्हणून एकूण दिवस एकच आकडा म्हणून लिहू नका, दोन भाग करा: कुणीतरी प्रत्यक्ष काम केलेले दिवस आणि नुसता टेबलावर पडून राहिलेले दिवस. पहिल्याला एकूण दिवसांनी भागलं की खरी तब्येत कळते. हा आकडा पहिल्यांदा फार लहान येतो, घाबरू नका. माणसं आळशी आहेत असा त्याचा अर्थ नाही. सभा महिन्यातून एकदा असेल आणि विषयपत्रिका आठवडाभर आधी बंद होत असेल, तर एका दिवसानं चुकलेला मसुदा महिनाभर थांबणारच.

दुसरं, एका वेळी किती मसुदे अर्धवट आहेत ते मोजा. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये याचा नियम सिद्ध केला: हातातलं काम भागिले बाहेर पडण्याचा वेग, म्हणजे सरासरी लागणारा वेळ. समजा बारा मसुदे फिरताहेत आणि महिन्याला दोन मंजूर होतात, तर नव्या मसुद्याला साधारण सहा महिने लागणार. तुम्ही कितीही पटापट लिहा, फरक पडत नाही. नवे मसुदे सुरू करणं थांबवून आधी हातातले संपवा.

आणि सरासरीपेक्षा मध्यक घ्या, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावले की बरोबर मधे येतो तो. एखादं रखडलेलं धोरण सरासरी पार बिघडवून टाकतं.

फाईल_नोंद

वरचं बरोबर आहे, पण एक जपा. सगळं थांबणं वाया जात नाही. केंद्र सरकारच्या 2014 च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसाठी खुला ठेवा असं म्हटलंय. ते दिवस वाचवले तर आकडा सुधारेल, कायदा बिघडेल. म्हणून थांबण्याचेही दोन रकाने करा: मत मागवण्यासाठी थांबलो आणि सहीसाठी थांबलो. हुपरीचा प्रश्न पहिल्या रकान्यातला. तो मसुदा परत आला हे चांगलंच झालं, फक्त तो लिहिण्याआधीच यायला हवा होता.

अजून एक. या आकड्यावर कुणाची वेतनवाढ ठरवू नका. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप बिघडतं, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या 1975 च्या मांडणीपासून अर्थशास्त्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

काउंटर_कागल

मी शाखेत बसतो, त्यामुळं माझं म्हणणं जरा वेगळं हाय. तुमचं घड्याळ ठरावाच्या तारखेला थांबतं. आमचं तिथनं सुरू होतं. सोनेतारणाच्या याच निर्देशात आहे की कर्ज फिटल्यावर दागिने सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. आता बाई काउंटरवर पावती घेऊन उभी आहे आणि तिजोरीच्या दोन चाव्यांपैकी एक चावीवाला रजेवर. धोरणात यावर एक ओळ नसेल तर ते मंजूर होऊन उपयोग काय?

परिपत्रक निघाल्यावर पहिल्या महिन्यात शाखांमधनं हेड ऑफिसला किती फोन आले, आणि त्यातले किती एकाच कलमावर, ते लिहून ठेवा. ज्या कलमावर सगळे अडतात ते कलम नीट लिहिलेलं नाही. आणि वर्षाच्या आत पुन्हा दुरुस्ती करावी लागलेली धोरणं वेगळी मोजा.

लक्ष्मीपुरी_डेस्क

मनापासून आभार. दोन चाव्यांचा मुद्दा आजच मसुद्यात घेते, पर्यायी चावीधारकाचं नाव शाखेनं आधीच कळवून ठेवायचं अशी ओळ घालून.

आवक-जावक रजिस्टरमध्ये प्रत्येक टेबलाच्या तारखा आहेत, त्यामुळे मागच्या वर्षाचं काम आणि थांबणं वेगळं काढता येईल. सुरुवात सोनेतारण, केवायसी आणि वसुली या तिघांपासून करते. फोनची नोंद मात्र आमच्याकडे होतच नाही, तेवढी वही उद्यापासून सुरू.

@फाईल_नोंद, विधी सल्लागारांकडे गेलेले दिवस कुठल्या रकान्यात? ते मतही देतात आणि सहीही करतात.

फाईल_नोंद

त्यांचं लेखी मत हातात येईपर्यंत पहिल्या रकान्यात. त्यानंतरचे दुसऱ्या.