लोकप्रिय चित्रपट : तुम्ही कशावर जोखता?

'डोकं बाजूला ठेवून बघ, मस्त टाइमपास आहे' आणि 'विषय महत्त्वाचा आहे, बघायलाच हवा', ही दोन्ही वाक्यं मला खटकतात. पहिल्यात प्रेक्षकाला कमी लेखलंय, दुसऱ्यात चित्रपटाला फुकटची सवलत दिलीय. कथा, आशय आणि करमणूक यांना वेगवेगळे गुण देता येत नाहीत असं माझं ठाम मत आहे. एक कच्चं राहिलं की उरलेली दोन्ही लंगडतात. पटो न पटो, अनुभव लिहा, पण प्रसंगासकट लिहा. शेवट उघड झाला तरी चालेल.

सुरुवात मीच करते. 'शोले' (१९७५) मधला होळीचा हल्ला. जय-वीरू कोंडीत सापडलेत, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलीय आणि तो ती उचलत नाही. त्या क्षणी आपल्यालाही त्याचा राग येतो. मग मागची हकीकत येते, शाल उडते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. कोडं सुटलं, सूड कशासाठी ते कळलं आणि अंगावर काटाही आला, सगळं एकदमच. यातलं काय वेगळं काढणार? शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. चित्रित झालेल्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो बदलला आणि पोलीस ऐनवेळी येऊन त्याला थांबवतात. हाणामारी तशीच राहिली, पण ज्यासाठी इतका वेळ जीव मुठीत धरून बसलो ते हातातून काढून घेतल्यासारखं वाटतं.

*

मी चित्रपटगृहात दारावर काम करतो. परीक्षण वाचायची मला गरज पडत नाही, अंधारात कळतं. आधी एकेक मोबाइल उजळतो, मग खुर्च्या वाजतात, मग दार उघडतं. ज्या गाण्याला दार उघडतं, ते गाणं कथेत नसतं तरी चाललं असतं.

'सैराट' (२०१६) लागला होता तेव्हा 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायचे. शेवटच्या प्रसंगात नागराज मंजुळ्यांनी आवाजच काढून घेतलाय. तीच नाचणारी पोरं दिवे लागले तरी जागची हलायची नाहीत. बाहेर येताना कुणाशी बोलायची नाहीत. 'पूर्वार्धात नुसती गाणी आणि गंमत आहे' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्या गमतीत आर्ची-परश्यावर जीव जडला नसता, तर शेवट म्हणजे पेपरातली आणखी एक बातमी झाली असती.

*

वरच्या अनुभवाला माझा दुजोरा, पण कथेची बाजू कुणी घेतली नाही म्हणून लिहितो. मी संकलन करतो. 'सुरुवात रेंगाळते, कापा' हे वाक्य आमच्या खोलीत रोजचं. 'दृश्यम' बघताना मी ते स्वतःशी म्हणत होतो. मूळ मल्याळम २०१३ चा, जीतू जोसेफ यांचा. मी पाहिला तो निशिकांत कामतांचा २०१५ चा हिंदी. नायक केबलवाला, रात्र रात्र सिनेमे बघत बसणारा, घरात काटकसर करणारा. नंतर कळतं की हे सगळं भांडवल आहे. घरच्यांच्या हातून झालेल्या खुनाचा पुरावा तो नुसता लपवत नाही, लोकांच्या आठवणीतली तारीख बदलतो. त्यासाठी हा माणूस काय बघतो आणि लोकांशी कसा वागतो ते आधी दाखवायलाच हवं. तो भाग कापला असता, तर त्याची हुशारी आकाशातून पडल्यासारखी वाटली असती.

*

मी परिचारिका आहे. पडद्यावर हृदयाची रेषा सरळ होते, डॉक्टर छातीवर शॉक देतात आणि रुग्ण उठतो. प्रत्यक्षात रेषा सरळ झाली की शॉक देत नाहीत. छाती दाबत राहतात, औषध देतात. घरचे विचारतात, मग तुला असे चित्रपट बघवतात कसे? निव्वळ मसालापट असेल तर खुशाल बघते, कारण तो खरेपणाचा दावा करत नाही. पण 'हे वास्तव आहे' असं सांगत चित्रपट रडवायला निघाला आणि हीच चूक केली, की माझा त्याच्यावरचा विश्वास उडतो, मग विषय कितीही मोठा असो.

उलट 'श्वास' (२००४) घ्या. मुलाला डोळ्यांचा कर्करोग, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. खलनायक नाही, योगायोग नाही. हे मुलाला सांगायचं कसं, एवढ्यावर ताण उभा राहतो. शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला घेऊन नाहीसे होतात तेव्हा मला डॉक्टरांची चीडही कळते आणि आजोबांची घाईही. नातेवाइकांना असं काही सांगताना शब्द कसे अडतात ते मी रोज बघते. तिथे अरुण नलावडे अडखळतात ते मला अभिनय वाटलंच नाही. आणि हो, मला तो चित्रपट रंजकही वाटला. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

*

विनोदी चित्रपटांना आशय नसतो, हे इथे अजून कुणी म्हटलं नाही, पण म्हणतील, म्हणून आधीच लिहिते.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आमच्या घरी कुठूनही सुरू केला तरी सगळे बसतात. एकट्या पुरुषांना कुणी खोली देत नाही, म्हणून दोघांना बायका व्हावं लागतं. अडचण खरी आहे, म्हणून सोंग पटतं. प्रत्येक नवी थाप आधीची थाप सांभाळायला मारावी लागते, एकही उगाच नाही. हीच गाठ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मध्ये होती. तरीही आमच्याकडे तोंडपाठ आहे तो मराठीच. अशोक सराफ गप्प राहून समोरच्याकडे बघतात आणि लक्ष्मीकांत बेर्डे घाबरून पुढची थाप मारतात, त्या अर्ध्या क्षणाच्या विरामावर हशा उभा आहे. कथा उसनी घेता येते, तो विराम नाही.