अमेरिकेत सिव्हिलमध्ये एमएस: बोस्टन की आयोवा? सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ:

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी सांगलीची, सिव्हिलमध्ये बी.टेक. दोन वर्षं झाली, पुण्यात एका सल्लागार कंपनीत आहे. पुलांसाठी नदीच्या पाण्याचा हिशोब करणं हे माझं काम. पगार हातात ४५ हजार. जलसंपदा विषयात एमएस करायचंय आणि येत्या ऑगस्टसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय.

पहिलं बोस्टनमधलं एक खासगी विद्यापीठ, नाव कुणालाही सांगितलं तरी माहीत असतं. नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम, थिसिस नाही, राहण्याखाण्यासकट ८२ हजार डॉलर. दुसरं आयोवा विद्यापीठ. दोन वर्षं, थिसिस आहे, वर्षाला साधारण ५० हजार डॉलर. आर्थिक मदतीबद्दल दोन्ही पत्रांत एक अक्षर नाही. म्हणजे कागदावर बोस्टनच स्वस्त पडतं आणि वर्षही वाचतं.

बाबा झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत, निवृत्तीला चार वर्षं राहिली. ते म्हणतात घर तारण ठेवू, पण तू नावाजलेल्या ठिकाणीच जा. आई काहीच बोलत नाही. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात घराच्या कागदांची फाइल उघडून बसली होती. खरेदीखत पुन्हा पुन्हा वाचत होती. तेव्हापासून मला झोप नाही. ६० लाखांचं कर्ज लागेल. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया मोकळेपणाने सांगा.

पाऊसपाणी:

अभिनंदन! दोन्हीकडे प्रवेश मिळाला ही लहान गोष्ट नाही. थोडक्यात सांगायचं तर सिव्हिलमध्ये विद्यापीठाच्या नावापेक्षा तुम्ही कोणाच्या हाताखाली आणि कशावर काम केलंत हे जास्त विचारलं जातं. आयोवातल्या प्राध्यापकांशी अजून पत्रव्यवहार केला नसेल तर आजच सुरू करा. बाकी जाणकार लिहितीलच.

रानवाट:

कृष्णाकाठ, वयाने मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो. मी मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात याच विषयात एमएस आणि पुढे पीएचडी केली. तुझ्या प्रश्नात पैसा आणि वेळ दोन्ही आलेत. आधी वेळेचं बोलतो, कारण त्याकडे कुणी बघत नाही.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पहिलं शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय सहसा कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधला उन्हाळा मिळतो. त्यात सीपीटीवर, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, तीन महिने कुठल्या तरी कंपनीत इंटर्नशिप करता येते आणि पुष्कळांना पुढची नोकरी तिथेच लागते. नऊ महिन्यांच्या अभ्यासक्रमात हा उन्हाळाच नाही. ऑगस्टमध्ये पोचायचं, बॅग उघडायच्या आत सप्टेंबरच्या नोकरी मेळाव्यात उभं राहायचं, आणि दाखवायला तिथलं काहीच नाही. मे महिन्यात पदवी हातात पडली की ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची मुदत, सुरू. त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलं तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. सिव्हिल हा स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषय असल्यामुळे १२ महिन्यांच्या ओपीटीला आणखी २४ महिने जोडून मिळतात, ही जमेची बाजू. पण ती दोन्हीकडे सारखीच आहे.

आता पैसा. ६० लाख, ११ टक्के, १० वर्षं धरली तर हप्ता ८२ हजार ६०० च्या आसपास येतो. शिकत असताना व्याज भरलं नाही आणि सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली, तर दीड वर्षात दहाएक लाख चढतात आणि हप्ता ९६ हजारांवर जातो. अमेरिकेत नोकरी लागली तर हे फिटतं. माझं म्हणणं एवढंच की हिशोब परत यावं लागलं तर काय, इथून सुरू कर. पुण्यात परत आलीस तर एमएसनंतर किती पगार मिळेल हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या पगारातून हप्ता जात नसेल तर तो बाबांच्या पेन्शनमधून जाणार. माझ्या मते ही रेघ ओलांडू नये.

परत येण्याची शक्यता खरी आहे, घाबरवत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाला ६५ हजार जागा, अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. तो कुणाला लागू आणि कुणाला नाही हा वेगळा विषय, पण माझ्या ओळखीतल्या लहान सल्लागार कंपन्या तेव्हापासून आणखी हात आखडून आहेत. शिवाय आपल्या क्षेत्रातल्या बऱ्याच सरकारी नोकऱ्यांना तिथलं नागरिकत्व लागतं. विद्यापीठांतल्या संशोधनाच्या जागांना मात्र ती ८५ हजारांची मर्यादा नाही.

म्हणून आयोवा. पण ५० हजार डॉलर भरून नाही. थिसिसचा मार्ग म्हणजे कुणाच्या तरी संशोधन प्रकल्पावर काम, आणि प्रकल्प असेल तर रिसर्च असिस्टंटशिपची शक्यता असते. आठवड्याला २० तास काम, महिन्याला वेतन, आणि कित्येक सरकारी विद्यापीठांत अशा विद्यार्थ्यांची फी माफ होते किंवा त्या राज्यातल्या मुलांच्या दराने लागते. पहिल्या सत्रात मिळाली नाही तरी दुसऱ्या-तिसऱ्यात मिळू शकते, पण ते गृहीत धरून कर्ज काढू नकोस. लेखी येऊ दे.

तुझ्यासाठी आयोवा का, ते सांगतो. २००८ मध्ये आयोवा नदीला महापूर आला आणि विद्यापीठाच्या इमारतींत पाणी शिरलं. दुसऱ्याच वर्षी तिथे आयोवा फ्लड सेंटर उभं राहिलं. त्यांनी राज्यभर पुलांवर सेन्सर बसवलेत, पाणी किती वर आलं ते कुणीही घरबसल्या बघू शकतं. सांगलीच्या मुलीला याचं महत्त्व मी काय सांगणार? आयर्विन पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे बघत तुम्ही रात्री जागवल्यात.

प्राध्यापकांना पत्र लिहिताना एक कर. 'आपल्या थोर कार्याने मी प्रभावित झाले' असलं काही लिहू नकोस, तसली पत्रं त्यांना रोज येतात. दीडशे शब्दांत संपव. त्यांचा एक पेपर खरोखर वाच, त्यावर एक नेमका प्रश्न विचार. एचईसी-रास हे नदीच्या पाण्याचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर तू रोज वापरत असशीलच. सांगलीच्या २०१९ च्या पुराचं एक छोटं मॉडेल करून त्याचा एक नकाशा जोड. पाचसहा जणांना लिही, प्रत्येकाला वेगळं. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण कर.

चार्ल्सकाठी:

मी बोस्टनची बाजू मांडते, कारण मी तिथे असाच एक वर्षाचा अभ्यासक्रम केलाय आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. तिथे पर्यावरण आणि पाण्याच्या क्षेत्रातल्या बऱ्याच कंपन्या आहेत, माजी विद्यार्थी ओळख देतात, शहरात गाडी लागत नाही. पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगते. माझी माहेरची स्थिती तुझ्यापेक्षा बरी होती, कर्ज २० लाखांचंच होतं. आणि मी निघण्याआधी पाच वर्षं काम केलं होतं, त्यामुळे सप्टेंबरच्या मेळाव्यात बोलायला माझ्याकडे काहीतरी होतं. ६० लाखांवर मी स्वतः गेले नसते.

कुठेही गेलीस तरी एफई परीक्षा (तिथल्या अभियंत्याच्या परवान्याची पहिली पायरी) शिकत असतानाच देऊन टाक. आपल्या क्षेत्रात अर्ज वाचणारा ती ओळ आधी शोधतो.

घाटमाथा:

मी विद्यार्थी नाही, एका विद्यार्थ्याचा बाप आहे. आम्ही घर तारण ठेवलं होतं. मुलगा दीड वर्षाने परत आला, त्याची काही चूक नव्हती, मेहनती पोरगा आहे. घर गेलं नाही, पण ते वाचवायला मी निवृत्तीनंतर सहा वर्षं एका गोदामात हिशेबनीस म्हणून काम केलं. त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की तो माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलेनासा झाला. मी कधी एका शब्दाने बोललो नव्हतो, तरीसुद्धा.

बाळ, तुझ्या आईला विचार. आपणहून बोलत नाही म्हणजे तिचं काही म्हणणं नाही असं नसतं.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटमाथा काका, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू जा, पण घर शाबूत ठेवून जा." बाबांशीही तीच बोलली.

रानवाट दादा, तीन पत्रं गेली, अजून तीन लिहितेय. आणखी एक विचारायचं होतं. पुण्यातल्या एका एजंटने तिसरं एक विद्यापीठ सुचवलंय. फी कमी, आणि पहिल्या दिवसापासून सीपीटीवर पूर्णवेळ काम करता येईल म्हणतो. सल्ल्याचे पैसेही घेत नाही. हे खरं असतं का?

रानवाट:

त्या दारात पाऊल टाकू नकोस. पैसे घेत नाही म्हणजे ते त्याला विद्यापीठाकडून मिळतात. पहिल्या दिवसापासून सीपीटी देणाऱ्या ठिकाणी शिक्षण नावापुरतं असतं, आणि पुढे एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी अधिकारी त्या काळाबद्दल खोदून विचारतात. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पातळीवरच्या पदवीची ओपीटीही हातची जाते. २०१९ चं फार्मिंग्टन प्रकरण वाच. मिशिगनमधलं ते विद्यापीठ अमेरिकन सरकारनेच सापळा म्हणून उभं केलं होतं, ना वर्ग ना शिक्षक, आणि त्यात अडकलेली बहुतेक मुलं भारतीय होती.

फुकट आणि खरा सल्ला हवा असेल तर मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेकडे एज्युकेशनयूएसए या अमेरिकन सरकारी सल्लासेवेचे सल्लागार आहेत, त्यांच्याशी बोल.

पाऊसपाणी:

कर्जाबद्दल थोडी भर. विनातारण कर्ज खासगी वित्तसंस्था पटकन देतात, पण व्याज चढं असतं. आधी सरकारी बँकेत विचारा, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज होतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) लागत नाही. बाबा जुन्या करप्रणालीत असतील आणि कर्ज त्यांच्याही नावावर असेल, तर त्यांनी भरलेल्या व्याजाची करपात्र उत्पन्नातून वजावट आठ वर्षं मिळते. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, तिची या वर्षाची मुदत बघा. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स शिष्यवृत्तीसाठी तीन वर्षांचा अनुभव लागतो, तुमची दोनच झालीत.

कृष्णाकाठ:

तीन आठवड्यांनी लिहितेय. सहा पत्रांपैकी दोघांनी उत्तर दिलं, एकाने नम्र नकार. दुसऱ्या प्राध्यापकांनी मी जोडलेल्या नकाशावर प्रश्न विचारला. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, तुझं मॉडेल दोन फूट कमी का दाखवतंय? मी रात्रभर बसून शोधलं. वारणेचं पाणी मी संगमाच्या खाली जोडलं होतं, त्याच्यामुळे कृष्णेचं पाणी मागे फुगत होतं ते सुटलं होतं. तसंच लिहून पाठवलं. मग व्हिडिओवर चाळीस मिनिटं बोललो.

काल पत्र आलं. जानेवारीपासून अर्धवेळ असिस्टंटशिप, फीचा मोठा भाग त्यात. पहिलं सत्र माझ्या खर्चाने. एकूण कर्ज २२ लाखांच्या आत बसतंय. घर तारण ठेवावं लागणार नाही. बोस्टनला आज नकार कळवला.

आता आय-२० ची, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदाची, वाट बघतेय. ३५० डॉलर सेव्हिस (विद्यार्थी नोंदणी) शुल्काचे आणि १८५ डॉलर व्हिसा अर्जाचे बाजूला ठेवलेत. मुंबईत बीकेसीला होणाऱ्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी काही सांगाल का?

चार्ल्सकाठी:

किती छान! वाचून डोळ्यांत पाणी आलं. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. पाठ केलेलं बोलू नकोस. काय शिकणार, तिथेच का, पैसे कुठून, परत येऊन काय करणार, एवढंच. संगमावर तुझं काय चुकलं ते दोन वाक्यांत सांगता आलं तरी पुरे. जून २०२५ पासून समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, ते आधीच करून ठेव.

आणि आय-२० हातात आली की पहिल्यांदा नाव बघ. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. माझ्या आय-२० वर बाबांचं नाव आडनाव म्हणून छापून आलं होतं आणि दुरुस्तीत अकरा दिवस गेले. पासपोर्ट शेजारी ठेव आणि एकेक अक्षर बोट ठेवून ताड. जन्मतारीखसुद्धा.

कृष्णाकाठ:

आत्ताच तपासलं. प्रवेशपत्रावरही बाबांचंच नाव आडनावाच्या जागी आहे. लगेच मेल टाकतेय.