मदत हवी आहे : ढोल-ताशा सरावाचे संध्याकाळचे फोटो हलतात, पिवळे येतात (कॅनन १५००डी, किट लेन्स)

शिकाऊ_खटका

नमस्कार. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. फोटोग्राफी आणि एडिटिंग स्वतःच शिकतेय. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स. ट्रायपॉड नाही, फ्लॅश फक्त कॅमेऱ्यातला. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

गणेशोत्सवाआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, त्यावर कॉलेजच्या प्रदर्शनासाठी १२ फोटो द्यायचे आहेत. प्रत्येक फोटो १२ बाय ८ इंच. सराव साडेसहा ते नऊ. अडचणी :

१. टिपरू (ढोल वाजवायची काठी) आणि हात तर हलतातच, बऱ्याचदा चेहराही अस्पष्ट येतो. एडिटिंगमध्ये शार्पनिंग वाढवून फरक पडत नाही.
२. चेहरे नारिंगी. पांढरे झब्बे एका बाजूने पिवळे, दुसऱ्या बाजूने निळसर.
३. सॉफ्टवेअर फुकटातलं हवं. कोणत्यापासून सुरुवात करू?
४. नवी लेन्स घ्यावीच लागेल का?

उजेडाची_दिशा

आधी एका बिघडलेल्या फोटोची माहिती दे. फोटो दाखवताना 'इन्फो' बटण दाबलं की शटर (किती वेळ उघडं होतं), अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; 'एफ'चा आकडा लहान तितकं ते मोठं) आणि आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) दिसतात. शिवाय झूम किती होता, मोड कोणता, फोकस पॉइंट एकच ठेवला होता की सगळे चालू, आणि दिवे कसले, तेही लिही. त्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे होईल.

शिकाऊ_खटका

१/३० सेकंद, एफ ५, आयएसओ १६००, झूम ४५ मिमी. मोड 'पी' (शटर-अॅपर्चर कॅमेराच ठरवतो). फोकस पॉइंट नऊही चालू. फाइल जेपेग. एका बाजूला रस्त्यावरचे पिवळे दिवे, दुसऱ्या बाजूला पथकाने लावलेले पांढरे एलईडी.

उजेडाची_दिशा

मग दुखणं शटरमध्ये आहे. हा अस्पष्टपणा तीन वेगळ्या कारणांनी येतो आणि तिन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी फोटो १०० टक्के मोठा करून नीट बघ. ढोलाच्या दोऱ्या, जमीन, मागचा खांब असं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला. जमीन स्वच्छ आणि वादक तेवढा ओढलेला असेल तर वादक हलला. मागचा माणूस कडक (स्पष्ट) आणि पुढचा मऊ (पुसट) असेल तर फोकस चुकला. हलण्यामुळे आलेला अस्पष्टपणा शार्पनिंगने जात नाही. शार्पनिंग आहे त्या कडांचा उठाव वाढवतं, आणि इथे कडच पसरून गेलेली असते.

या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, क्रॉप १.६, म्हणजे चित्र १.६ पट झूम केल्यासारखं दिसतं. ४५ मिमीला १.६ ने गुणलं की ७२. हातात धरून काढताना शटरचा खालचा आकडा निदान तेवढा हवा, म्हणजे १/८०. लेन्समध्ये आयएस आहे, पण ते तुझ्या हाताचा कंप सावरतं, वादकाचं हलणं नाही. वादनाच्या आवेशात मान आणि खांदे सतत हलतात, त्यासाठी १/२५० धर.

१/३० वरून १/२५० म्हणजे तीन स्टॉप (एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा), उजेड आठपट कमी. तो परत मिळवायला पैसे खर्चावे लागतातच असं नाही. झूम ४५ वरून १८ वर आणलास की लेन्स एफ ३.५ पर्यंत उघडते, एक स्टॉप मिळाला. आयएसओ १६०० वरून ६४०० कर, दोन स्टॉप मिळाले. हिशेब जमला : १८ मिमी, एफ ३.५, १/२५०, आयएसओ ६४००. मात्र १८ मिमीवर माणूस चौकटीत भरायचा तर दीड मीटरवर उभं राहावं लागतं. म्हणून पथकप्रमुखांना आधी विचारून ठेव, ढोल फिरवायची जागा सोडून उभी राहा, आणि कानात बोळे घाल. चेहरा चौकटीच्या कडेला गेला की ताणल्यासारखा दिसतो, तो मध्यभागाजवळ ठेव.

मोड 'एम' ठेव, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं. काळं आकाश आणि पांढरे झब्बे यांच्यात कॅमेऱ्याचं मोजमाप दर फोटोला बदलतं. दिवे जागचे हलत नाहीत, म्हणून एकदा चेहऱ्यावर जमवलेली सेटिंग तीच जागा असेपर्यंत चालते. झब्ब्याचा पांढरा उडाला (तपशील जाऊन नुसता पांढरा राहिला) की फोटो दाखवताना तो भाग लुकलुकतो. तसं झालं तर शटर १/३२० कर.

फोकससाठी नऊपैकी मधला एकच पॉइंट ठेव. क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) तेवढा एकच आहे, अंधारात त्याची पकड बाकीच्यांपेक्षा चांगली. डोळ्यावर नाहीच पकडला तर फेट्याच्या कडेवर किंवा ढोलाच्या दोऱ्यांवर धर, पण चेहऱ्याइतक्याच अंतरावरच्या. मागच्या स्क्रीनवर बघून काढू नकोस, या मॉडेलमध्ये तिथला फोकस संथ आहे.

काळा_पांढरा

वरच्या सगळ्याशी सहमत, एक भर. टिपरू पूर्ण गोठलंच पाहिजे हा हट्ट सोडा. १/१२५ ला चेहरा स्वच्छ आणि टिपरूची टोकं पुसट, असा फोटो वादनाचा वेग जास्त खरा दाखवतो. त्यासाठी ठेका ऐका. टिपरू वर जाऊन खाली यायच्या आधी क्षणभर थांबतं, खटका तिथे दाबायचा. ध्वज नाचवणाऱ्याला तर १/१५ वरही काढून बघा, कॅमेरा त्याच्या चेहऱ्याबरोबर फिरवत. दहात एखादाच जमतो.

आणि सातच्या आत पोहोचा. ऑगस्टच्या मध्यात पुण्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात. काळ्या आकाशापेक्षा या वेळेत किती तरी जास्त काम होतं. बारापैकी आठ फोटो याच वेळेतले असू द्या.

लेन्सचं विचारलंत. ५० मिमी एफ १.८ घेतली तर तुमच्या एफ ५ च्या मानाने जवळपास आठपट उजेड मिळतो, म्हणजे आयएसओ १६०० वरच १/२५० मिळेल. पण या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी वागते आणि तीन मीटरवर एफ १.८ ला फक्त २५ सेंटिमीटरच्या आसपास खोली स्पष्ट येते. एक चेहरा कडक, मागचा वादक मऊ. एकट्या वादकासाठी उत्तम, पथकाच्या रांगेसाठी निरुपयोगी. हे प्रदर्शन आहे त्याच लेन्सवर करा, मग ठरवा.

कॅमेऱ्यातला फ्लॅश बंदच ठेवा. जवळचा ढोल पांढराफटक होतो, मागचं पथक काळं, आणि वादकांच्या डोळ्यांवर उजेड मारणं बरंही नाही.

शिकाऊ_खटका

काल १/२५० वर काढून बघितलं. चेहरे स्वच्छ आले! पण नवीन अडचण : एकाच जागेवरून लागोपाठ काढलेल्या चार फोटोंमध्ये दोन उजळ, दोन अंधारे. एकात वरचा भाग पिवळट, खालचा पांढरा. कॅमेरा बिघडलाय का?

उजेडाची_दिशा

कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. एक फेरा १० मिलिसेकंदांचा. १/२५० म्हणजे ४ मिलिसेकंद, तेवढ्यात फेऱ्याचा एक तुकडाच सापडतो. कधी उजळ, कधी मंद. १/१०० किंवा १/५० ठेवलंस तर पूर्ण फेरा सापडतो आणि उजेड सारखा येतो.

म्हणून दोन पद्धती आलटून पालटून वापर. विसावा, ढोल कसणं, ताशा शेकणं, गप्पा, हे सगळं १/१०० वर. जोरदार वादन १/२५० वर, पण एका क्षणाचे चार-पाच फोटो सलग, आणि नंतर त्यातला चांगला निवडायचा. पथकाच्या दिव्याला उजेड कमी-जास्त करायची सोय असेल तर पूर्ण प्रकाशावर ठेवायला सांग, काही दिवे मंद केल्यावर जास्त लुकलुकतात.

काळा_पांढरा

रंगांचं. जेपेग सोडा आणि आजपासून 'रॉ' (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये १४ बिट म्हणजे १६,३८४. नारिंगी चेहरा सावरायला ही जागा लागते. कार्ड लवकर भरेल, ३२ जीबीचं तरी ठेवा.

पिवळा आणि पांढरा असे दोन दिवे एकत्र पडत असतील तर कोणतंही व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी) दोन्ही बाजू सुधारू शकत नाही. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. यावर खरा उपाय पायांचा : चेहऱ्यावर पांढरा एलईडी पडेल आणि पिवळा दिवा पाठीमागे राहील अशा बाजूला जाऊन उभे राहा. पाठीमागची पिवळी कड छानच दिसते. आणि रस्त्यावरचे दिवे जुने सोडियमचे असतील तर त्यांच्या प्रकाशात निळा जवळजवळ नसतोच. जो रंग आलाच नाही तो एडिटिंगमध्ये आणणार कुठून? ते फोटो सरळ कृष्णधवल करा.

सॉफ्टवेअर : डार्कटेबल. फुकट आहे, विंडोजवर चालतं. पहिले आठ दिवस कठीण वाटेल, कारण त्यात ढीगभर मॉड्यूल (एकेका कामाची साधनं) आहेत. तुम्हाला सहाच लागतात. आधी एक्स्पोजर, चेहरा योग्य दिसेपर्यंत. झब्बा उडतोय का ते नंतर बघा. मग कलर कॅलिब्रेशनमधला पिकर (रंग उचलायचं साधन) झब्ब्याच्या पांढऱ्या, पण न उडालेल्या भागावर ओढा. मग उजेड-अंधाराचा पल्ला स्क्रीनवर बसवणारं सिग्मॉइड किंवा फिल्मिक, दोन्हींपैकी एकच. दोन्ही एकदम लावले की रंग मेल्यासारखे होतात. लेन्स करेक्शन, क्रॉप, आणि सगळ्यात शेवटी दाणा कमी करणारं डीनॉइज (प्रोफाइल्ड). हे मॉड्यूल जड आहे, ८ जीबीच्या लॅपटॉपवर आधी चालू केलंत तर प्रत्येक बदलाला थांबावं लागेल. शेवटी चालू केल्याने परिणामात फरक पडत नाही, मॉड्यूलचा आतला क्रम ठरलेला असतो.

डीनॉइज थोडं कमीच ठेवा. छापल्यावर दाणा स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा कमी दिसतो, मेणासारखी गुळगुळीत त्वचा मात्र छापूनही तशीच दिसते.

केलेले बदल डार्कटेबल '.एक्सएमपी' फाइलमध्ये रॉच्या शेजारी ठेवतं. बाहेरून रॉचं नाव बदललंत की ती जोडी तुटते. नावं आधी द्या, एडिटिंग नंतर.

दमट_हवा

मोसमाचं कुणीच बोललं नाही. नदीपात्रात ऑगस्टमध्ये बुरबुर पाऊस असतोच. जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबँड, एवढं पुरतं. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत कोंबू नका. कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरी काढून, पंख्याखाली तासभर ठेवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. डब्यात आर्द्रतामापक ठेवून ४० ते ५० टक्के राखा, ६५ च्या वर सतत राहिली की काचेवर बुरशी धरते. निळी सिलिका गुलाबी झाली की तिने पाणी प्यायलं समजा. ती पुन्हा कोरडी करता येते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका. मिरवणुकीत गुलाल असेल तर लेन्स अजिबात बदलायची नाही, आणि गुलाल कापडाने न पुसता आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवायचा. पुसलात तर काचेवर घासला जातो.

शिकाऊ_खटका

सगळ्यांचे मनापासून आभार. रॉ सुरू केलं, डार्कटेबलही. शेवटचं : छपाईला फाइल कशी द्यायची? आणि रोज तीन-तीनशे फोटो होतात, त्यातून निवड कशी करू?

उजेडाची_दिशा

१२ बाय ८ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात. तुझा फोटो ६००० बाय ४००० चा आहे, म्हणजे रुंदीचा ४० टक्के भाग कापलास तरी चालेल. प्रमाण ३:२ च ठेव. रंगांसाठी एसआरजीबी प्रोफाइल, जेपेग, गुणवत्ता ९५. लॅपटॉपची स्क्रीन निम्म्या उजेडावर आणून एडिट कर, नाहीतर छापील फोटो काळपट येतात. आधी तीन फोटो ६ बाय ४ मध्ये छापून घे, त्यावरून एक्स्पोजर किती वाढवायचं ते कळेल. प्रदर्शनाला मॅट कागद सांग, चकचकीत कागदावर ट्यूबलाइट दिसते.

निवडीचं उत्तर काढतानाच द्यावं लागतं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरत, त्यात १२० प्रकारच्या फिल्मच्या एका रिळावर १२ फोटो. जोरदार वादनाचे सलग फोटो सोडून बाकी सगळ्यासाठी एका संध्याकाळी ३६ ची (म्हणजे अशा तीन रिळांची) मर्यादा घालून बघ. घरी आल्यावर पहिल्या फेरीत फक्त हललेले आणि फोकस चुकलेले बाद कर. दुसरी फेरी दोन दिवसांनी. बारा फोटो भिंतीवर लागतील त्या क्रमाने जमिनीवर मांड : बारापैकी पाच जर त्याच कोनातून त्याच ढोलाचे असतील तर चार काढून टाक आणि त्या जागी हात, काड्या, फेटा बांधणं, पाणी पिणारा ताशेवाला, असं काही घे.

दमट_हवा

कार्ड रिकामं करायच्या आधी दोन ठिकाणी प्रत घ्या, लॅपटॉप आणि एक बाहेरची डिस्क. कार्ड फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं.